त्या बाजूची कामं

अशोका गार्डनला जायचं आहे, हे नवऱ्याला सांगणं रत्नप्रभा पोतनीसने कधी सोडलं ते तिलाही नीट आठवत नव्हतं. राग म्हणाल तर तोही नव्हता. रागवायलासुद्धा आत थोडी धग लागते, आणि ती कधीच विझून गेली होती. सकाळी उठायचं, डबा करायचा, नळाला पाणी आलं की भरायचं, दुपारी पडायचं. कुणी विचारलं तर बरं चाललंय म्हणायचं, आणि खरोखर बरंच चाललं होतं.

साताऱ्याहून लग्न होऊन ती भोपाळला आली तेव्हा तिचं हिंदी सिनेमापुरतंच होतं. अंबरीशराव उज्जैनचे, इथे सरकारी खात्यात कारकून. क्वार्टर मिळेपर्यंतची वर्षं अशोका गार्डनमध्ये भाड्याच्या दोन खोल्यांत गेली. शेजारी लीलावतीबाई, ग्वाल्हेरच्या मराठी घरातल्या. "रत्ना, जरा रुक गं, चाय टाकते," अशी त्यांची भाषा. भाजीवाल्याशी घासाघीस कशी करायची आणि भाडं वाढवायला आलेल्या घरमालकाला कसं परतवायचं, हे तिला त्यांनीच शिकवलं. तिचं पहिलं मूल पोटातच गेलं, तेव्हा माहेर दूर आणि सासूबाई आजारी. लीलावतीबाई रोज ताट वाढून आणत आणि ते संपेपर्यंत समोरून हलत नसत. काही बोलत नसत, नुसत्या बसत. या गावात तिचं म्हणावं असं माणूस एवढं एकच.

पुढे तुलसी नगरात क्वार्टर मिळाला, गाडी आली, आणि रविवारची दुपार लीलावतीबाईंकडे ठरूनच गेली. अंबरीशराव तिला सोडून जुन्या मित्रांकडे पत्ते खेळायला जात. अलीकडे लीलावतीबाईंना ऐकू येईनासं झालं होतं. कानाचं मशीन लावलं की डोकं भणभणतं म्हणून त्या ते डब्यात ठेवत. फोनचा उपयोग शून्य. पण समोर बसलं की तोंडाकडे बघून त्यांना सगळं कळे, न बोललेलंसुद्धा.

मग पेट्रोलने शंभरी ओलांडली.

अंबरीशराव कंजूस नव्हते, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. लग्नामुंजीत त्यांचा हात कधी आखडला नाही. पण तो शंभरचा आकडा त्यांच्या डोक्यात जो बसला तो उठेच ना. कुणीतरी आपल्याला रोज उघड्यावर लुटतंय आणि आपण शहाणपणाने वागलो तर त्याला हरवू, असं काहीसं त्यांनी मनावर घेतलं. ऑफिसला पायी जाऊ लागले, ते एक बरं झालं, पोट उतरलं. पण गाडीत बसले की हा माणूस बदले. सिग्नलला इंजिन बंद. उतार लागला की गाडी न्यूट्रलला, मागचे लोक हॉर्न वाजवून शिव्या देईनात का. एसी तर बंदच, आणि काच उघडली तर म्हणत, "अगं, वाऱ्याने गाडी ओढली जाते, निम्मी लाव." वजन नको म्हणून त्यांनी डिकीतली स्टेपनीसुद्धा काढून घरात कपाटामागे ठेवली होती. आणि या सगळ्यावरचा मुख्य कायदा म्हणजे एका कामासाठी गाडी काढायची नाही. त्या बाजूची तीन-चार कामं साठली की एकाच फेरीत उरकायची.

लीलावतीबाई म्हणजे एकच काम होतं.

"जाऊ ना," ते म्हणत, "तिकडची अजून दोन कामं निघू देत. त्या कुठे जाणार आहेत? घरीच असतात."

रिक्षाने जाते म्हटलं की त्यांना लागे. "दारात गाडी असताना रिक्षा? लोक काय म्हणतील?" बस तिच्या गुडघ्यांना झेपत नव्हती. म्हणजे गाडी होती म्हणून रिक्षा नाही, आणि पेट्रोल महाग म्हणून गाडी नाही. यात भांडण्यासारखं काही सापडेना. ते खोटं बोलत नव्हते, वाईट वागत नव्हते, फक्त थांबा म्हणत होते. ती थांबली. होळी गेली, उन्हाळा गेला, गणपतीही उठले.

दिवाळीच्या तोंडावर एकदाची कामं जमली. मिक्सरचं भांडं दुरुस्तीला टाकायचं होतं, इन्व्हर्टरची बॅटरी बदलायची होती आणि ओळखीच्या दुकानातून शरबती गहू आणायचा होता. अंबरीशराव खुशीत होते. एकही रस्ता दोनदा लागू नये असा मार्ग त्यांनी मनात आखला होता. त्यात लीलावतीबाई शेवटी आल्या, कारण दुकानं बंद होतात आणि त्या होत नाहीत.

रत्नप्रभाने लसणाची चटणी केली होती. डबा मांडीवर धरून ती प्रत्येक दुकानासमोर गाडीत बसून राहिली. आपल्याला आनंद व्हायला हवा, असं तिला वाटत होतं. इतके महिने वाट पाहिली ती हीच दुपार. पण हात झोपेत दबून बधिर व्हावा तसं आत झालं होतं. येईल थोड्या वेळाने जाग, असं म्हणून तिने ते सोडून दिलं.

दार बंद होतं. कुलूप होतं. शेजारची मीना, लीलावतीबाईंना दुकानातून दूध आणून देणारी, आवाज ऐकून बाहेर आली.

"भाभीजी, आपको किसी ने बताया नहीं?" ती म्हणाली. "आंटी तो गुज़र गईं। राखी के बाद। बेटा आया था नागपुर से, सब करके चला गया। उसके पास किसी का नंबर ही नहीं था।"

रत्नप्रभाच्या मनात पहिला विचार आला तो गाडी गल्लीत आडवी उभी आहे, कुणाला तरी अडचण होईल, हा. त्याची तिला लाजही वाटली नाही.

"बीमार थीं?"

"नहीं तो। बस, नींद में।" मीना जरा घुटमळली. "इतवार को दोपहर भर दरवाज़ा खुला रखती थीं। गर्मी हो, मच्छर आएँ, बंद नहीं करने देती थीं। सुनाई नहीं देता था ना, कहती थीं, रत्ना खटखटाके लौट जाएगी।"

अंबरीशराव मागे येऊन उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसला. रत्नप्रभाने चटणीचा डबा मीनाच्या हातात दिला, खा म्हणून सांगितलं आणि गाडीत येऊन बसली.

त्यांनी गाडी चालू केली, पण काढली मात्र नाही. न सांगता एसी लावला. इंजिन तसंच घरघरत राहिलं.

"रत्ना," ते शेवटी म्हणाले, "चुकलं माझं. तू सांग, कुठे जायचंय. आज, उद्या, तू म्हणशील तेव्हा. तलावावर जाऊ, भोजपूरला जाऊ. तू फक्त सांग, मी लगेच गाडी काढतो."

ते मनापासून बोलत होते, हे तिला कळत होतं. त्यांची तिला कीवही आली. म्हणून तिने खरोखरच विचार केला. बँक आठवली, टेलर आठवला, डोळ्यांचे डॉक्टर आठवले. ती सगळी कामं होती. काही काम नसताना जावं, असं एखादं दार ती मनात शोधत राहिली. एवढी वर्षं या गावात काढली होती, एखादं तरी असणार.

"कुठेच नाही," ती म्हणाली.