शेवटच्या बाकापाशी येणारा मोर

आमच्या बागेत चालायला येणाऱ्यांचं वजन कधी उतरत नाही, किस्से मात्र दर आठवड्याला वाढतात! बाग वस्तीच्या टोकाला. मागं तारेचं कुंपण आणि पलीकडं राखीव जंगल. कुंपणाच्या आत राहायचं असतं, हे जंगलातल्या मंडळींना अजून कुणी सांगितलेलं नाही.

*

सलीमभाईंचं औरंगपुऱ्यात कापडाचं दुकान आहे. सकाळी ते लॉनवर शवासन करतात. एकदा ते डोळे मिटून पडलेले असताना चांगली हातभर घोरपड आली आणि त्यांच्या पायांशी येऊन बसली. आमची बोबडीच वळली! देशमुख काका कसेबसे पुटपुटले, "सलीमभाई, हालू नका."

सलीमभाईंनी एक डोळा उघडला. "काका, हालायला पाय कुठं राहिले आता!"

*

नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलेल्या पाटील मॅडम पहिल्याच दिवशी किंकाळी ऐकून हादरल्या. कुणाला तरी मारतायत असं वाटून त्यांनी थेट पोलिसांना फोन लावला. जीप आली की हो! हवालदारांनी दरडावून विचारलं, "ओरडलं कोण?"

सलीमभाईंनी झाडाकडं बोट दाखवलं. फांदीवरच्या मोरानं पुन्हा तश्शीच किंकाळी फोडली.

हवालदारांनी वही काढली. "मग जबाब कुणाचा घेऊ?"

*

हाच मोर पुढं देशमुख काकांचा दोस्त झाला. काकांना शुगर. काकींनी घरात गोड साफ बंद केलंय, स्वतःचंसुद्धा. त्या दुपारी भजनाला जातात आणि संध्याकाळी काकांना पथ्यावर लेक्चर देतात. काका मात्र सकाळी शेवटच्या बाकावर बसून चिक्की खातात. 'प्राण्यांना खायला देऊ नये' अशी तिथं पाटी आहे. तिच्याच खाली ते मोराला चुरा टाकतात.

वॉचमननं हटकलं तर म्हणाले, "मोर कुठं प्राणी आहे? पक्षी आहे तो!"

*

गेल्या महिन्यात काकांची शुगर आणखी चढली. मुलगा म्हणाला, बागेत चालून उपयोग नसेल तर बाग बंद, घरीच ट्रेडमिल आणतो. काकांचा चेहरा एवढासा झाला. "भिंतीकडं बघत चालून मी जगायचो नाय रे," मला म्हणाले. मला खरंच वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी खुद्द काकी बागेत हजर! "बघू तरी, किती चालता ते!" काका शहाण्यासारखे चालत होते. शेवटच्या बाकापाशी पोचलो आणि मोर कुंपणावरून उतरून थेट आमच्याकडं पळत सुटला! काका पांढरेफटक पडले. त्यांनी खिसा घट्ट धरला.

"अब गए काका!" सलीमभाई माझ्या कानात म्हणाले.

मोरानं काकांकडं पाहिलंसुद्धा नाही. तो काकींपुढं जाऊन उभा राहिला आणि त्यांच्या पर्सवर चोच मारायला लागला. पर्सची चेन उघडली आणि बालुशाहीचा पुडा खाली पडला.

काकी खाली बघत होत्या. शेवटी काकाच बोलले.

"अगं, हा मोर बी भजनाला येतो काय?"