मशीनची वही

मी चौथीपर्यंत शिकले आणि जन्मभर मैलापुरात लग्नामुंजींचा स्वयंपाक केला. सांबाराच्या मसाल्याचं प्रमाण कुणाला सांगितलं नाही. दार लावून भाजायची. लोक खडूस म्हणत, पण बोलवायला माझ्याकडेच येत. अजून येतात.

नात इंजिनिअर झाली. इरुंगाट्टुकोट्टैला गाड्यांचे सुटे भाग करणारा एक कारखाना आहे, तिथं तिला शिकाऊ म्हणून घेतलं. एका वर्षाचं काम, पगारातला काही वाटा सरकारचा. वर्ष झालं की कायम करतील, या आशेवर ती पहाटे कंपनीची बस पकडायची.

सहा महिन्यांत तिला मशीनच्या आवाजावरून कळायला लागलं, आतलं टूल कधी झिजलं ते. ते ओळखणारं तिथं दुसरं कुणी नव्हतं. साहेब म्हणाले, सगळं लिहून काढ, फोटोंसकट.

"आज्जी, देऊ का लिहून?"

"दे की. शिकलेली आहेस. माझ्यासारखी आचारीण आहेस का लपवून ठेवायला?"

तिनं वही भरून दिली. साहेबांनी त्यातली पानं मशीनवर चिकटवली, चारचौघांत शाबासकी दिली. मी शेजारणीला सांगून टाकलं, पोरगी कायम झाली.

वर्ष संपलं तसं तिच्या हातात प्रमाणपत्र ठेवलं. तिच्या जागी नवी शिकाऊ मुलगी आली, तिच्याही पगारात सरकारचा वाटा. वही वाचून आठवड्यात मशीन चालवायला लागली. नातीनं दुसरे कारखाने पालथे घातले. शिकाऊ म्हणून एकदाच घेता येतं, म्हणाले, आणि कायमच्या जागा नाहीत.

एका मंगळवारी दुपारी ती माझ्याजवळ चिंच कोळत बसली होती. त्या नव्या मुलीचा फोन आला. "अक्का, मशीन वेगळंच वाजतंय."

हिनं फोन मशीनजवळ धरायला लावला, डोळे मिटून ऐकलं आणि काय बदलायचं ते सांगितलं.

"कशाला सांगितलंस?" मी म्हणाले. "तुझ्या जागेवर बसलीय ती."

"तिचं पण मार्चात संपतं, आज्जी."

पुन्हा चिंच कोळायला लागली.

त्याच शुक्रवारी एका मुंजीचं काम होतं. मसाला भाजायला घेतला तेव्हा तिला आत बोलावलं आणि दार लावलं. तिनं सवयीनं फोन काढला, टिपून घ्यायला.

"ठेव तो," मी म्हटलं. "नुसतं बघ."