केराबाईचा गुळाचा नवस

सांगोल्याकडच्या धनगरवाड्यावर केराबाईचा हात कधी रिकामा दिसला न्हाय. लोकर न्हायतर पोराच्या तोंडात घास. दोन लेकरं पाळण्यातच गेली. तिसरा बिरू जगला तो बिरोबाच्या नवसानं. बाराव्या वर्षी जत्रंत त्याला गुळानं तोलायचं, आणि तवर देवाच्या पोराला कशाला न्हाय म्हणायचं न्हाय, मेंढरांमागं चालवायचं न्हाय.

वाड्यावरची बाकी पोरं काटक्यांवाणी. बिरू मात्र अकराव्यातच बापाएवढा रुंद. दूध, लोणी, वर गुळाचा खडा. मेंढरांचा तळ हलला की हा घोड्यावर. बायका म्हणायच्या, "केरे, पाटलाचं पोर पळवून आणलंस काय गं?" केराबाई फुगायची, आणि दृष्ट लागंल म्हणून मीठ-मोहऱ्या उतरून टाकायची.

एकतीस साली देवी टोचायला सोलापूरचा डॉक्टर आला. बिरू घोड्यावरनं उतरून लिंबापतूर चालला, तर लोहाराच्या भात्यावाणी धापायला लागला.

"बाई, सोलापुरात शेटजींच्या घरी अशी दोन-चार मुलं बघतो. मेंढरांमागच्या वस्तीत ही पहिलीच वेळ. हे बाळसं नव्हे, काळजावर ओझं आहे. चालवा त्याला, लोणी तोडा."

"नवस हाय, सायेब."

"मग नवस सांभाळा," म्हणत त्यानं पुढच्या पोराचा दंड धरला.

त्या दिसापासनं तिचं बूड एका जागी टेकंना. लोकर पिंजता पिंजता उठायची, बिरूची धाप ऐकून यायची. जत्रा तर वर्षावर.

शेवटी नवऱ्याला म्हणाली, "आताच तोलू."

हरिबा चपापला. "मुदतीच्या आदी? देव कोपंल की!"

"कोपू दे माज्यावर. वरीसभर असंच बसवलं तर तोलायला पोर कुटनं आणशील?"

लोकर तोलायचा मोठा काटा लिंबाला टांगला. एका पारड्यात बिरू, दुसऱ्यात गुळाच्या ढेपा. ढेपंवर ढेप चढली तरी बिरूचं पारडं हलंना. लोक हसत ओरडले, "अजून आण!" दर ढेपंला केराबाईची मान खाली जात होती. एका बायकूनं "लई नशीबवान हायस" म्हटलं, तर ती वसकन अंगावर गेली.

शेवटी पारडं सम झालं, गूळ वाटून झाला. हरिबानं घोडं पुढं केलं.

"ने ते माघारी," केराबाई म्हणाली. "आता तो नवसातनं मोकळा झाला. चालंल."

मेंढरं निघाली. बिरू थोडकं चालला आन् फतकल मारून बसला. "आये, घोडं! न्हायतर गूळ तरी दे!"

तिच्या ओच्यात खडा होता. हात आपसूक तिकडं गेला. पोर रडत, शिव्या देत हात पसरून बसलं होतं. तिनं खडा काढला आन् आपल्याच तोंडात कोंबला. गाल फुगलेला, डोळ्यांत पाणी, आणि माघारी वळायचं न्हाय म्हणून मान ताठ. ती मेंढरांमागं निघाली, पण अशी सावकाश, की पांगळ्यानंबी गाठावी.


मागनं शिव्या जवळ येत चालल्या तशी तिनं जरा पाय उचलला.