ओसरीतलं इंजिन आणि गावभर मिस्त्री

इंजिन खोललं की नट-बोल्टच्या आधी सल्ले जमा होतात. नट-बोल्ट निदान डब्यात ठेवता येतात. ज्या वर्षी मी बाबांच्या जीपचं इंजिन आमच्या ओसरीत उघडलं, त्या एका वर्षाचे इतके किस्से साठलेत की मैत्रिणी चहाला बसल्या की म्हणतात, "तुझ्या मोठ्या बाबांचा सांग ना." मी सांगते, आणि दर वेळी नव्यानं चिडते.

आमचं गाव मारेगावपासून आत. बाबा गावातून वणीपर्यंत सवारी जीप चालवायचे. जीपचं मूळ पेट्रोल इंजिन केव्हाच गेलं होतं. त्या जागी बाबांनी जुन्या ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन बसवून घेतलं होतं. गावातल्या सहा मुली त्याच जीपनं वणीला कॉलेजात जायच्या, कारण सकाळची दुसरी गाडीच नव्हती. त्या पावसाळ्यात बाबांची कंबर धरली आणि पाठोपाठ इंजिनानंही पांढरा धूर सोडून मान टाकली. मुली घरी बसल्या. त्यातल्या दोघींना पाहायला पाहुणेसुद्धा येऊन गेले.

बाबांचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे मोठे बाबा. त्यांनी निकाल दिला, "दिवाळीची सुट्टी सरेपर्यंत चालू झाली तं ठीक. नाही तं भंगारवाल्याले देऊन टाकू."

मी बी.एस्सी. झालेली, जीपचा परवाना काढलेली आणि लहानपणापासून बाबांच्या हातात पाने देत वाढलेली. म्हटलं, मी खोलते.

"खोल," मोठे बाबा म्हणाले. "बंद तं हायच. अजून काय बंद होईन?"

आमच्याकडे याला परवानगी म्हणतात.

*

पहिल्या आठवड्यात निवृत्त गुरुजी रोज सकाळी ओसरीसमोर येऊन उभे राहायचे. हात मागे, चष्मा नाकावर. वर्गात तपासणी चालल्यासारखे.

"प्लग साफ केला काय?"

"गुरुजी, डिझेल इंजिनाले प्लग नसते."

गुरुजींनी चष्मा नाकावर वर सरकवला. मग म्हणाले, "म्हणूनच बिघडलं."

संध्याकाळपर्यंत गावभर झालं की इंजिनातला प्लग होता तो पोरीनं हरवला. दोन बायका मला अंगणात शोधायला मदत करायला आल्या.

*

दसऱ्याला मी मारेगावात सामान आणायला गेले होते. जाण्याआधी आठही वॉल्व्ह पेपरवर ओळीनं मांडून ठेवले होते. जो वॉल्व्ह ज्या जागेवरून निघाला तो त्याच जागी घासून बसलेला असतो, म्हणून ती ओळ मोडायची नसते. हे मी घरात तीनदा सांगितलं होतं.

परत आले तर मोठ्या आईनं, म्हणजे मोठ्या बाबांच्या बायकोनं, आठही वॉल्व्ह राख लावून लख्ख घासले होते. पाटावर गोल मांडून, हळद-कुंकू वाहून, मधोमध आपट्याची पानं ठेवली होती. दिसत सुंदर होते. कोणता कुठला, ते फक्त देवीला माहीत.

"ओळ काहून मोडली?"

"अवं, पूजेले असे काळे ठेवतात काय? अन् आठही तं सारखेच हायत."

"तुमचे दोन्ही जावई पण सारखेच दिसतात. बदलून पाहू काय?"

मोठी आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मला तरी कुठे वेळ होता. एकेक वॉल्व्ह पेस्ट लावून हातानं घासत नव्यानं बसवायला मला चार दिवस लागले. त्यातल्या तिसऱ्या दिवशी तिनं निरोप पाठवला की इंजिनात देव असते, त्याले असं रागानं घासू नाही. मी म्हटलं, "मग इतके वर्षं त्यातून काय उदबत्तीचा धूर निघत होता?"

हा निरोप मात्र कोणी परत नेला नाही.

*

त्या वर्षी कापसाची अशी हालत होती की जिल्ह्यात पाहणी करणाऱ्यांची रीघ लागली होती. एक दिवस एक पांढरी गाडी आमच्या दारात थांबली. चौघं उतरले. ओसरीभर पसरलेले पार्ट बघून त्यांचे चेहरेच पडले.

त्यांच्यातले मोठे साहेब हलक्या आवाजात म्हणाले, "अच्छा, तो अब गाड़ी के पुर्ज़े तक बेचने पड़ रहे हैं?"

मोठे बाबा साहेब लोकांच्या कोणत्याही प्रश्नाला एकच उत्तर देतात. "हां साब."

मी हातात पिस्टन घेऊन उभी. म्हटलं, "बेच नहीं रहे, बना रहे हैं. मैं बना रही हूँ."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. फार मायेनं म्हणाले, "बेटी, ज़रा साइड में हो जाओ. फ़ोटो लेना है."

माझ्या हातातला पिस्टन काढून मोठ्या बाबांच्या हातात दिला. मोठ्या बाबांनी खाली पाहत असा काही चेहरा केला की साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. तीन फोटो झाले. तिन्हींत मोठ्या बाबांनी पिस्टन उलटा धरला आहे.

*

सुट्टी संपायला पाच दिवस राहिले तेव्हा इंजिन जीपमध्ये चढलं आणि तिसऱ्या झटक्याला सुरू झालं. धूर नाही, खडखड नाही. सहाही मुली कुंपणाशी उभ्या होत्या, त्यांनी टाळ्या वाजवल्या. दहाव्या मिनिटाला ऑइलच्या मीटरचा काटा खाली आला तो शून्यावरच. म्हणजे आत तेल फिरतच नव्हतं. मी घाईनं इंजिन बंद केलं.

"म्हटलं होतं ना," मोठे बाबा म्हणाले. मी आजवर त्यांच्याइतका आनंदानं निराश झालेला माणूस पाहिलेला नाही. कॉलेज सोमवारी उघडणार होतं. त्यांनी भंगारवाल्याला सोमवारचाच निरोप दिला.

मारेगावचे शफीचाचा बाबांचे जुने मिस्त्री. जुम्म्याला त्यांचं दुकान बंद असतं, म्हणून नमाज आटोपून ते आले. आम्ही दोघांनी खालची ऑइलची टाकी उतरवली. आत ऑइल ओढणारी जाळी होती. जाळी म्हणजे दिसतच नव्हती. तिच्यावर काळा, ओला, मुठीएवढा गोळा बसला होता.

चाचांनी तो बोटानं उकलला. "बेटा, ये तो कपास है."

घरात कापसाला काय तोटा. भाव येईल म्हणून गावात प्रत्येकानं माल घरातच ठेवला होता. आमची मधली खोली आढ्यापर्यंत भरलेली होती. आणि मोठे बाबा मदत म्हणून रोज त्यातला मूठभर आणून सगळे पार्ट पुसत होते. तंतू तेलाच्या वाटांनी आत चिकटून राहिले आणि इंजिन सुरू होताच वाहत जाळीवर जमले.

"चिंध्या कायले वाया घालवा म्हटलं," मोठे बाबा म्हणाले. "हा तं फुकटच पडला हाय."

खरं सांगायचं तर दोन पार्ट त्या कापसानं मीही पुसले होते. म्हणून मी गप्प बसले. हाही अन्यायच.

चाचांनी गोळा उजेडात धरला. "देखो दादा, मंडी में कोई ले नहीं रहा था. तुम्हारे इंजिन ने ले लिया."

*

शनिवार-रविवार आम्ही सगळ्या वाटा रॉकेलनं धुतल्या. सोमवारी सकाळी भंगारवाल्याचा टेम्पो दारात आणि सहाही मुली दप्तरं घेऊन अंगणात. मी स्टार्टर मारला. इंजिन लागलं. पाच मिनिटं, दहा, वीस. काटा जागचा हलला नाही. भंगारवाल्यानं कंटाळून टेम्पो वळवला.

इंजिन तसंच चालू ठेवून मी चहा प्यायला आत गेले, तेवढ्यात मोठे बाबा जीपमध्ये चढून बसले. त्यांनी तरुणपणी सोसायटीची पेट्रोल जीप चालवली होती. त्यांनी चाबी फिरवली, काढली, खिशात टाकली आणि खाली उतरून सगळ्यांना सांगितलं, "गाडी चांगली झाली. पण पोरीच्या हाती वणीचा रस्ता नाही. कोळशाचे ट्रक चालतात तिथी. माणूस पाहू ड्रायव्हर म्हणून. तवर चाबी माझ्यापाशी."

"अन् तवर आम्ही?" एका मुलीनं विचारलं.

"तवर घरी."

जीप सुरूच होती.

मोठ्या बाबांनी मागे वळून पाहिलं. खिसा चाचपला. चाबी होती. वर चढले, चाबी घातली, फिरवली, परत काढली. इंजिन धडधडतच राहिलं. गुरुजी चष्मा पुसू लागले. मोठ्या आईनं पदर डोक्यावर घेऊन हात जोडले.

ट्रॅक्टरच्या त्या इंजिनाला चाबी फक्त सुरू करायला लागते. बंद करायला स्टिअरिंगखालची एक तार ओढायची असते. तिथे जमलेल्यांत हे दोघांनाच माहीत होतं. मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी ओसरीतल्या खाटेवर हळूच कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड केलं.

मोठे बाबा खाली उतरून बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. मी दुसऱ्या बाजूनं चढले. "बसा गं," म्हटलं. सहाही जणी मागे चढल्या. मी गिअर टाकला.

फाटकातून बाहेर पडताना मागून बाबांचा आवाज आला, "दादा, चाबी सांभाळून ठेव बरं. हरवली तं पंचाईत होईन."