ब्रेककाका

माझ्या काकांना सगळे ब्रेककाका म्हणतात. लोकांना गाडी शिकवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपाशीही एक ब्रेक असतो. तो दाबून दाबून त्यांच्या उजव्या पायाला अशी खोड लागली, की घरी सोफ्यावर बसलेले असताना समोरून कुणी धावत आलं तरी तो जमिनीवर दाबला जायचा. "थांबली का हो गाडी?" काकू विचारायची आणि हसून हसून आमची पुरेवाट व्हायची.

काकू स्वतः मात्र त्यांच्याकडे गाडी शिकली नाही. "यांच्या शेजारी बसून बोलणी खाण्यापेक्षा माझी सायकल बरी," म्हणायची. शिवणवर्गाला ती सायकलवरून जायची आणि रोज तणतणत परतायची. "मागून हॉर्न वाजवून जीव नकोसा करतात. रस्ता काय यांना आंदण दिलाय?"

"अगं, तू कडेने जात जा ना," काका म्हणायचे. सगळ्या गाडीवाल्यांसारखेच तेही. मला तेव्हाही राग यायचा. शेवटी काकूने ऐकलं आणि ती कडेला उभ्या केलेल्या गाड्यांना अगदी लागून जायला लागली.

एका सकाळी तशाच एका उभ्या गाडीचं दार तिच्यासमोर उघडलं. काकू दारावर आपटून रस्त्यात पडली आणि मागून ट्रक येत होता. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी बाहेर येऊन काकू गेल्याचं सांगितलं, तेव्हा मी काकांच्या शेजारी बाकावर होते. त्यांचा उजवा पाय फरशीवर गच्च दाबलेला होता. मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला तरी तो सैल पडेना.

दार उघडणारी औषधांच्या दुकानातली मुलगी होती. गाडी काकांकडेच शिकलेली.

काकांनी शिकवणं बंद केलं. काही आठवड्यांनी ती मुलगी घरी आली. मी तिला उंबऱ्यातूनच परत पाठवणार होते, खरं सांगते. काकांनीच "ये" म्हटलं.

"सर, तुम्ही शिकवलंत तसंच सगळं केलं होतं मी," ती मान खाली घालून म्हणाली. "गाडी बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं. मग उतरले."

काका म्हणाले, "उतरायचं कसं, ते कुठे शिकवलं होतं मी?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी काकूच्या सायकलचं वाकलेलं चाक सरळ करून आणलं. त्या मुलीला बोलावून घरासमोर उभ्या असलेल्या शिकवायच्या गाडीत स्टिअरिंगपाशी बसवलं. "दाराजवळच्या हाताने दार उघडायचं नाही. लांबचा, डावा हात वापरायचा. मग अंग आपोआप वळतं आणि मागचं दिसतं. मी पुढे गेल्यावरच उघड."

ते मागे गेले आणि सायकलवरून आले. दार पूर्ण उघडलं तरी लागणार नाही इतकं अंतर ठेवून; कडेने नाही. मुलीने डावा हात दाराकडे नेला. मान वळली आणि हात तिथेच थांबला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मला तिच्यावरचा राग शोधूनही सापडेना.

काका पुढे जाऊन थांबले. "दिसलो?"

"दिसलात, सर."

"मग तीही दिसली असती," काका म्हणाले. जमिनीला टेकवलेला त्यांचा उजवा पाय गच्च दाबलेला होता.