पाय संध्याकाळी येतील

हर्नियाचं ऑपरेशन करून आबांना, माझ्या वडिलांना, खाटेवर आणलं. मी त्यांच्या पायाचा अंगठा दाबला, तर त्यांना कळलंसुद्धा नाही. मी पुन्हा जोरात दाबला. तेच म्हणाले, "घाबरतेस काय पोरी? पाय संध्याकाळी येतील. सिस्टरनी सांगितलंय."

सकाळी हाच माणूस घरी चल म्हणून हटून बसला होता. घराण्यातली पहिली पदवीधर मी. संमतीचा फॉर्म घडाघडा वाचून दाखवला, तर आबा आणखीच आकसले. मग सिस्टर स्टूल ओढून बसल्या. कमरेखालचं अंग बधिर करायला पाठीत सुई कुठे टोचणार, ते त्यांनी बोट ठेवून दाखवलं.

"मधेच जाग आली तर?"

"जागेच असणार तुम्ही! खुशाल गप्पा मारा. फक्त राजकारण काढू नका, डॉक्टरांचा हात थांबतो."

आबा खुदकन हसले.

विहिरींत उतरून सुरुंग लावलेला हा माणूस. सुरीला काय भिणार? आत काय होणार, हे कुणी शेजारी बसून सांगितलं नव्हतं, एवढंच. कॉलेजात मी पुष्कळ शिकले, पण असं बसायला नाही.

पलीकडच्या खाटेवर उद्याच्या ऑपरेशनचे एक काका छताकडे टक लावून पडले होते. आबांनी मान वळवली. "काय विचारायचं ते विचारा," ते म्हणाले, "मी जाऊन आलोय."