केस हरलो ती ठरावावाचून

चूक माझीच होती. सोसायटीनं कुणावर केस करायची तर आधी सर्वसाधारण सभा घ्यावी लागते, ठराव करावा लागतो. सेक्रेटरी म्हणून मला हे माहीत होतं. पण खारघरला आमच्या बिल्डिंगमध्ये सभा म्हणजे पार्किंगची भांडणं. मी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारलं, ‘गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवाल्यावर ग्राहक आयोगात तक्रार करायची का?’ भराभर अंगठे आले. त्यालाच मी संमती धरलं. वकिलांनी ठराव मागितला, तेव्हा ‘आहे, देतो’ म्हणालो.

अंगठा दिला नव्हता तो फक्त सातव्या मजल्यावरच्या वहिनींनी. गळत होतं त्यांच्याच घरात, सासूबाईंच्या पलंगावर. त्यांनी लिहिलं, ‘आधी सभा घ्या.’ मी उत्तर दिलं, ‘वहिनी, सभा होईपर्यंत छत खाली येईल.’ खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली.

ठेकेदाराच्या वकिलानं नेमका ठरावच मागितला. तक्रार फेटाळली गेली. वर ठेकेदाराचा खर्चही सोसायटीनं द्यावा, असा आदेश झाला. आमच्या वकिलांची फी वेगळीच.

आता हे कोण भरणार, म्हणून अखेर सभा बोलावली. गळती राहिली बाजूला, दीड तास खर्चावरच वाद. प्रत्येक फ्लॅटनं सारखं भरावं, असं मी सुचवल्यावर तळमजल्यावरचे खजिनदार उठले.

‘गळतंय कुणाकडे? आमच्याकडे थेंब नाही. ज्यांच्यासाठी केस केली त्यांनी भरावं ना.’

‘मग लिफ्टचा खर्चही आमच्याकडून घेऊ नका, आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो,’ कुणीतरी म्हणालं. लोक हसले, पण खजिनदारांचं म्हणणं बहुतेकांना सोयीचं होतं.

वहिनींनी मला विचारलं, ‘भाऊजी, आपण हरलो कशानं?’

‘तांत्रिक कारण,’ मी म्हणालो.

ते दोन शब्द आजही आठवले की स्वतःचीच चीड येते. अर्धा खर्च वहिनींनी द्यावा आणि अर्धा बाकीच्यांनी वाटून घ्यावा, असं ठरलं. हा ठराव मात्र मी तिथल्या तिथे, नियमाप्रमाणे लिहून घेतला.

बिल द्यायला मीच वर गेलो. सासूबाईंचा पलंग हॉलमध्ये आणला होता, त्यामुळे दार अर्धंच उघडत होतं. वहिनींनी बिल पाहिलं.

‘भरते. हप्ते चालतील ना?’ मग म्हणाल्या, ‘एक सांगा भाऊजी, मी काय वेगळं करायला हवं होतं? म्हणजे पुढच्या वेळी चुकणार नाही.’

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मला उलट बोलता तरी आलं असतं.

मी पुन्हा सभा बोलावली आणि सांगितलं की आपण ठराव नसल्यामुळे हरलो, आणि तो नसण्याला जबाबदार मी आहे.

‘अहो, झालंय ना ठरवून, कशाला उकरताय?’ खजिनदार वैतागले. नव्यानं वाटणी झाली तर आपल्याच अंगावर येईल, ही भीती चेहऱ्याचेहऱ्यावर दिसत होती. सगळा खर्च मी देतो, असं म्हटल्यावर मात्र हरकत घ्यायला कुणीच उरलं नाही.

‘हे आधी बोलला असतात तर मागच्या सभेचे समोसे वाचले असते,’ मागून आवाज आला. एका मिनिटात मंजुरी मिळाली. दीड तासाचा वाद एका मिनिटात मिटला, याचाही मला संतापच आला. लोक खुर्च्या सरकवून उठू लागले.

‘थांबा जरा,’ मी म्हणालो. वहिनी दारापाशी होत्या. त्या थांबल्या.

‘वहिनी, तुमचं काही चुकलं नव्हतं. सभा घ्या म्हणालात, तर मी तुमची थट्टा केली. मागच्या वेळी याच खोलीत तुमच्यावर खर्च पडत होता, आणि कारण ठाऊक असून मी गप्प बसलो. पैसे मी देतोय, पण त्यानं ते भरून येत नाही. मला माफ करा.’